वरच्या चाकावरचा चुना

आमच्या अंगणात गाडीखाली एक पुठ्ठा कायम पसरलेला असायचा. सकाळी उठलो की तोंडावर पाणी मारायच्या आधी मी तो पुठ्ठा ओढून पाहायचो. बायको म्हणायची, लोक उठल्या उठल्या देवाचं तोंड पाहतात, आमच्याकडं पुठ्ठ्याचं पाहतात. सुरुवातीला त्यावर तेलाचा एखादा ठिपका असायचा. मग चार-पाच व्हायला लागले. धानाचे रोवणे सुरू झाले, म्हणजे भाताची लावणी, त्या आठवड्यात एका सकाळी वाटीएवढा काळा डाग दिसला.

एरवी जुन्या गाडीचं तेल गळतं म्हणून कोणी हातपाय गाळून बसत नाही. माझी गाडी तर वीस वर्षांची, दोन मालकांच्या हातून फिरून माझ्याकडं आलेली. कुरखेड्यापासून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावात, मासे धरायचे आणि बाजारात न्यायचे, हे आमचं पिढीजात काम. त्यासाठीच ती घेतली होती. सोबत मी शेतातल्या पाण्याच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती करतो. त्यामुळं तेल, ग्रीस, गळती हे काही माझ्यासाठी नवीन नव्हतं. पण त्या महिन्यात माझी पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं की हिचं रक्त कमी आहे, बीपी वर जातं, तर कळा सुरू झाल्या की जवळच्या दवाखान्यात थांबू नका, सरळ गडचिरोलीला आणा. गडचिरोली आमच्यापासून दोन तास. गावात चारचाकी म्हणावी अशी माझी ही एकच. फोनचं नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर चढलं तर मिळतं, आणि पाऊस लागला की तेही नाही. जावई नागपूरला कामावर. म्हणजे जे काय व्हायचं ते या गाडीच्या भरवशावर.

त्याच दिवशी गाडी हळूहळू कुरखेड्याला नेली. मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं, बोटानं तेल पुसलं आणि सांगितलं की समोरचं ऑइल सील गेलं. हे सील म्हणजे लहान पोरीच्या बांगडीएवढी रबराची कडी. इंजिनचा मुख्य दांडा जिथून बाहेर निघतो तिथं ती बसते आणि तेल आत अडवून धरते. मी म्हटलं, तेल वरून टाकत राहीन, महिना तर निघंल. तर तो म्हणाला, तेल बेल्टावर उडून राह्यलं भाऊ, बेल्ट एखाद्या दातानं सरकला तर गाडी रस्त्यात जागच्या जागी मरन. कधी करून देतो विचारलं, तर पाच दिवस गाडी सोडून जा म्हणाला. त्याच्या दारात सहा ट्रॅक्टर उभे होते, सगळे चिखलणीतून मोडून आलेले, आणि त्यांचे मालक त्याच्या डोक्यावर बसलेले. त्याचीही चूक नव्हती. पण पाच दिवस गाडीशिवाय राहणं मला परवडणारं नव्हतं. मी त्याच्यावर उगाच डाफरलो, समोरच्या दुकानातून सील विकत घेतलं आणि गाडी घेऊन परत आलो. स्वतः करीन म्हटलं. आयुष्यभर इंजिनं खोलली, बांगडीएवढ्या रबराला काय घाबरायचं.

घाबरायचं कारण दुसरंच होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

पोरीची ओटी भरली त्या दिवशी तिनं मला चार बायकांसमोर पकडलं. खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला, खाऊन खाऊन माझं तोंड नीट उघडत नव्हतं, तिखट लागलं की डोळ्यातून पाणी यायचं. ती म्हणाली, माझ्या डोक्यावर हात ठेवा आणि पोटातल्या लेकराची शपथ घेऊन सांगा की खर्रा खाणार नाही. आमच्याकडं लेकराच्या शपथेचं फार मानतात. खोटी घेतली तर ज्याची घेतली त्याला लागते म्हणतात. मी हात ठेवला, शपथ घेतली. अकरा दिवस पाळली. बाराव्या दिवशी मनाशी म्हटलं, शपथ खर्र्याची घेतली होती, तंबाखू-चुन्याची कुठं घेतली. असा वकील मी आहे. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना अशी दोन तोंडांची पत्र्याची डबी घेतली आणि गाडीच्या हत्याराच्या पेटीत, पान्यांच्या खाली लपवून ठेवली. दिवसा मजेत खायचो. पण पोरगी पोटावर हात ठेवून बाजेवर बसलेली दिसली की मागं जाऊन थुंकून यायचो. तिचं बीपी वाढलं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्या दिवशी तर मला वाटलं की ते मीच वाढवलं. हसायचं तर हसा, पण मला तसं वाटलं आणि ते मनातून जाईना.

कुरखेड्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावसानं उघडीप दिली. मी मांडवाखाली गाडी घेतली, उजवी बाजू जॅकवर उचलली, खाली लाकडी ओंडका लावला आणि चाक काढलं. पोरगी तिथंच बाजेवर येऊन बसली. तिला मदत करायची होती. मी म्हटलं तू हालू नको, तू बसलीस हीच मदत. इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाला जो बोल्ट धरून ठेवतो तो काही केल्या सुटेना. गाडी गिअरमध्ये टाकली, बायकोला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि ब्रेक दाबून धरायला सांगितलं. तिनं लुगडं खोचलं आणि दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. मी पान्यावर लोखंडी पाईप चढवला आणि अंगाचा भार टाकला. तिसऱ्या खेपेला कडकन आवाज झाला. मला वाटलं काहीतरी तुटलं. पाहतो तर बोल्ट सुटला होता. बायको आतून विचारत होती की पाय काढू का, आणि मी पाईपाला टेकून धापा टाकत होतो.

बोल्टाच्या आत झाकण, झाकणाच्या आत दातांचा बेल्ट. इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल. हा बेल्ट दोन चाकांवर फिरतो, एक वर आणि एक खाली. दोघांनी एकमेकांशी ठरल्या जागीच जुळून फिरायचं असतं. सील खालच्या चाकाच्या मागं बसतं, म्हणून बेल्ट काढल्याशिवाय हात पोचत नाही. आणि बेल्ट परत चढवताना वरचं चाक दोन दात जरी पुढंमागं राहिलं, तर चालू केल्याबरोबर इंजिनाच्या आत लोखंडावर लोखंड आदळतं आणि सगळं संपतं. माझ्या शेतातल्या इंजिनांना असलं काही नसतं, ती बिचारी साधी. मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं की काढायच्या आधी दोन्ही चाकांवर खूण करून घ्या. खालच्या चाकावर कंपनीचा बाण स्पष्ट दिसत होता, तो मी त्याच्या खुणेवर आणून ठेवला. वरच्या चाकावर मात्र खाचाच खाचा होत्या. तीन तर मीच मोजल्या.

खूण कशानं करायची. घरात रंग नाही, खडू शाळेत. पेटीत हात घातला तर बोटाला डबी लागली. मी पोरीकडं पाठ केली, अंगठ्यानं डबीचं तोंड उघडलं, बोटावर चुना घेतला आणि वरच्या चाकाची जी खाच इंजिनाच्या वरच्या टोपणावरच्या खुणेसमोर होती तिच्यावर टिकला लावला. काळ्या चाकावर पांढरा ठिपका छान उठून दिसला. तेवढ्यात हात लागलाच होता म्हणून चिमूटभर तंबाखूही मळून तोंडात टाकली. मग बेल्ट काढला.

जुनं सील काढलं तेव्हा त्याचं रबर वाळून टणक झालं होतं, नखानं टोकरलं तर तुकडे पडत होते. नवीन सील बसवणं हे खरं नाजूक काम. ते सगळीकडून सारखं आत जावं लागतं. एका बाजूनं तिरपं गेलं की झालं, ते गळणारच. मिस्त्रीकडं त्यासाठी लोखंडी नळी असते. माझ्याकडं कुंपण होतं. कुंपणातला एक जाडसर, वाळलेला बांबू निवडला, सीलच्या मापाचा येईल असा तुकडा कापला आणि त्याचं तोंड फरशीवर घासून सपाट केलं. आमच्या भागात कोणत्याही कामाला शेवटी बांबूच धावून येतो. सीलच्या ओठाला स्वच्छ तेल लावलं, जागेवर ठेवलं, त्यावर बांबू धरला आणि लाकडाच्या तुकड्यानं हळूहळू ठोकत गेलो. एक ठोका, थांबायचं, बोट फिरवून पाहायचं. परत एक ठोका. शेवटी ते सगळीकडून सारखं बसलं. बोट फिरवलं तेव्हा कुठंच उंचवटा लागला नाही. मला इतका आनंद झाला की पुढं जे केलं ते त्या आनंदातच केलं.

मला घाण खपत नाही. डिझेल इंजिनवाल्याची सवय आहे ही, काम झालं की डिझेलचा डबा घ्यायचा आणि ब्रशनं सगळं धुऊन काढायचं. खालचं चाक धुतलं. झाकण धुतलं. तेलानं माखलेली पूर्ण समोरची बाजू वरपासून खालपर्यंत धुतली आणि फडक्यानं पुसली. लखलखीत झालं. मग बेल्ट हातात घेऊन वर पाहिलं तर चाकावर ठिपका नव्हता.

मी फडकं उलगडून पाहिलं. फडक्यावर पांढरट डाग होता. माझ्याच हातानं पुसलं होतं. एवढंच नाही, धुताना ते चाकही माझ्या हाताच्या रेट्यानं कुठल्या कुठं फिरलं होतं. तीन खाचा माझ्याकडं पाहत होत्या, तिन्ही सारख्याच. बेल्ट हातात घेऊन मी बसूनच राहिलो. आभाळ परत भरून येत होतं. आमच्या आणि मोठ्या रस्त्याच्या मध्ये नाल्यावर एक रपटा आहे, पाण्याच्या पातळीला टेकलेला. जोराचा पाऊस आला की त्याच्यावरून पाणी जातं. मला एकाच वेळी रपटा दिसत होता, ट्रॅक्टरांच्या गर्दीत बसलेला मिस्त्री दिसत होता, आणि ओटीच्या दिवशी पोरीच्या केसांवर ठेवलेला माझा हात दिसत होता. ज्या चुन्यासाठी खोटं बोललो त्यानंच घात केला, आता शपथ वसूल होणार, असं मनात आलं.

मी तोंडातली तंबाखू थुंकली, पण उठलो नाही. बायकोनं विचारलं काय झालं. मी तिच्यावर खेकसलो. तेव्हा बाजेवरून पोरगी बोलली.

"बाबा, चुना पुसला गेला का?"

मी मान वर केली नाही. ती उठली. मी नको म्हणायच्या आत एक हात कमरेवर ठेवून गाडीजवळ आली आणि वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच बोट दाखवलं.

"ते तुमच्या समोरची खाच नाई. तिच्या बाजूची, जिच्या खाली वाकडा ओरखडा हाये नं, ते. तिच्यावर लावला होता तुमी. अन् ते वरच्या टोपणाच्या बरोब्बर समोर होती."

मी विचारलं, तुला पक्कं कसं माहीत. एवढं बारीक तू पाह्यलं कसं.

"दुसरं काई पाह्यतच नव्हती मी," ती म्हणाली. "सकाळपासून तोच ठिपका पाहून राह्यली. डबी काढली तवाच दिसली मले."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी रागाला रागानं उत्तर देतो, त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. पण ती नुसती थकलेली होती. बायको सुपात तांदूळ घेऊन उभी होती, तिनं सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेली. मी पोरीला म्हटलं, शपथ खोटी केली मी. तू मोकळी कर तिला. आमच्यात ज्यानं शपथ घातली त्यानं मोकळी केली म्हटलं की ती उतरते. दोन शब्दांचं काम. ती बाजेवर जाऊन परत बसली आणि म्हणाली, आधी बेल्ट बसवा.

मी चाक फिरवून ओरखड्याची खाच टोपणासमोर आणली. बेल्ट चढवला, ताणला. चालू करायच्या आधी पान्यानं इंजिन हातानं दोनदा पूर्ण फिरवलं. कुठं अडलं तर समजायचं की खाच चुकली. प्रत्येक पाव वळणाला मी श्वास धरत होतो. कुठंच अडलं नाही, आणि दोन फेऱ्यांनंतर खालचा बाण आणि वरची खाच परत आपापल्या जागी आल्या. झाकण लावलं, चाक चढवलं, तेल भरलं. चावी फिरवली तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली होती, पण माझ्याकडं पाहत नव्हती. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मी खाली नवीन पुठ्ठा पसरला आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवून त्याच्याकडं पाहत बसलो. ठिपका पडला नाही. तरी मला सुख नव्हतं. पोरीनं ते दोन शब्द म्हटले नव्हते आणि परत मागायची माझी हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, पेज प्यायला बसलो होतो तेव्हा, ती आतून आईला हाक मारत आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कळा सुरू झाल्या होत्या, तारखेला अजून नऊ दिवस होते. बायकोनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. पोरीला मागच्या सीटवर आईच्या मांडीवर टेकवलं. मी चावी लावली तेव्हा मागून तिचा हात माझ्या खांद्याजवळ आला.

"द्या ते डबी. गाडी चालवताना खासाल तुमी."

मी पेटीतून डबी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती मुठीत धरली.

रपट्यावरून वीतभर पाणी जात होतं. कडेचे दगड दिसत होते म्हणून मी गाडी घातली आणि पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, पलीकडं काढली. पुढं आरमोरीच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि खाली वाकून पाहिलं. परत दहा मिनिटांनी तेच केलं. तिसऱ्यांदा थांबायला लागलो तेव्हा बायकोनं मला असं झापलं की पंचवीस वर्षांच्या संसारात तसं झापलं नव्हतं. तिच्या मांडीवर पोरगी कळा सोसत होती आणि मी तेलाचे थेंब शोधत होतो. तिचं बरोबर होतं. पण मागं वळून पोरीच्या तोंडाकडं पाहायची मला भीती वाटत होती. गाडीखाली पाहणं त्यापेक्षा सोपं होतं.

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. बायको दाराशी बसली. मला बसवेना. आतून कोणी ओरडलं की ती आपलीच वाटायची. शेवटी मी बाहेर गाडीजवळ गेलो, ओल्या जमिनीवर पाठीवर आडवा झालो आणि समोरच्या चाकामागं मान घालून वर पाहत राहिलो. सील कोरडं होतं. मी तरी तिथंच पडून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. लेकराला काही झालं तर या गाडीखालून बाहेर कसं निघायचं, हाच विचार करत होतो.

मग मला बायकोचे पाय दिसले. ती खाली वाकली आणि म्हणाली, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत, निघा बाहेर. मी निघालो, अंगाला सगळा चिखल. तिनं माझ्या हातात एक रुमाल दिला. नर्सनं पोरीचं सामान बांधून दिलं होतं: काढलेल्या बांगड्या, जोडवी आणि डबी. नर्स म्हणाली होती म्हणे, हे काय धरून ठेवलं होतं तुमच्या पोरीनं, शेवटपर्यंत सोडेना, एक एक बोट उघडून काढावं लागलं.

डबी हातात आली तसा माझा अंगठा सवयीनं तिच्या झाकणावर गेला. झाकण उघडेना. पाहिलं तर डबी मधोमध चेपली होती आणि एका बाजूला पत्र्यात चार खळगे पडले होते, शेजारी शेजारी. मी माझी बोटं त्यांच्यावर ठेवून पाहिली. माझी बोटं मोठी होती, बसली नाहीत. मी तिथंच गाडीला टेकून रडलो, आणि बायकोनं दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

आत गेलो तेव्हा पोरगी डोळे मिटून पडली होती. बाजूला कापडात गुंडाळलेलं लेकरू. माझी चाहूल लागली तसे तिनं डोळे उघडले आणि विचारलं, गाडी गळली का. मी म्हटलं, नाई, एक थेंब नाई. ओठ कोरडे पडले होते, शब्द सावकाश आले.

"शपथ मोकळी केली मी, बाबा."

दोन दिवस ते ऐकायला मी जीव टांगून बसलो होतो. डबी माझ्या खिशात होती, चेपलेली.

"नको करू," मी म्हटलं. "राहू दे ती शपथ आता." तिनं नुसतं लेकरू माझ्या बाजूला थोडं सरकवलं.